डाव्या पायाची लाथ

मोठ्या डॉक्टरांनी काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, माझ्या नडगीच्या हाडाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "ऑस्टिओमायलायटिस."

मी म्हटलं, "मराठीत सांगा."

ते जरा चमकले. पुण्याच्या त्या मोठ्या इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात, डॉक्टरांना असं कुणी उलट विचारत नसे. पण त्यांनी सांगितलं. "हाडाच्या आत पू झालाय. हाडाचा एक तुकडा मेलाय आणि तो आतच अडकून बसलाय. त्याला सिक्वेस्ट्रम म्हणतात, म्हणजे मेलेलं हाड. तो आत आहे तोवर ताप जायचा नाही. विष रक्तात पसरलं तर जिवावर बेतेल. गुडघ्याखालून पाय काढावा लागेल."

"मग गाडीला लाथ कशानं मारू?" मी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्या कपाळाला हात लावला. त्यांना वाटलं, बाई तापात बरळतेय.

मी बरळत नव्हते. उशाशी लटकवलेल्या कागदावर माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मी सिस्टरकडून सकाळीच वाचून घेतलं होतं. 'बैलगाडीवरून पडून दुखापत.' मला न विचारता कुणीतरी लिहून टाकलं होतं. भोर संस्थानातली बाई, नऊवारी नेसलेली, पायाला लागलंय, म्हणजे बैलगाडीच असणार!

"ते आधी खोडा," मी म्हटलं. "बैलगाडी नाही, मोटारसायकल. आणि मी पडले नाही. तिनं मला उलटी लाथ मारली."

शेजारच्या कॉटवर सारोळ्याच्या एक मावशी होत्या, हात भाजून आलेल्या. त्या कळवळून म्हणाल्या, "अगं पोरी, म्हशीनं लाथ मारली म्हनून सांग की. न्हाईतर लगीन व्हायचं न्हाई तुजं!"

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. ज्यांच्या घरात कुणाची जखम वरून मिटलीय आणि आतून ठणकतेय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला सातवीपर्यंत शिकवलंय, लिहिता येतं. बाईनं गाडी चालवावी का, हा वाद घालायचा असेल त्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

आमचं गाव भाटघरच्या धरणाच्या काठाला. धरण बांधत होते तेव्हा माझे आजोबा, आबा, तिथं फिटरच्या हाताखाली कामाला होते. त्याच धरणाच्या पाण्यात आमची भाताची खाचरं गेली. धरण पुरं झालं, तिथला गोरा साहेब विलायतेला निघाला, आणि जमिनीच्या मोबदल्यातून आबांनी त्याची जुनी मोटारसायकल घेतली, शेजारी साइडकार असलेली. गावानं कपाळाला हात लावला. कुणी मोबदल्यात बैलजोडी घेतली, कुणी वरच्या अंगाला जमीन घेतली, ह्या शहाण्यानं धूर घेतला, असं लोक म्हणाले. आबा म्हणाले, "जमीन पान्यात बुडती. ही बुडायची न्हाई, पळंल."

आणि पळाली. साइडकारमधली बसायची जागा काढून आबांनी तिथं फळ्यांची पेटी बसवली. वेल्ह्याकडच्या डोंगरात धनगरांच्या वस्त्या आहेत. तिथलं तूप डब्यांत भरायचं आणि नसरापूरला नाहीतर भोरच्या बाजाराला पोचवायचं, हा आमचा धंदा झाला. आधी आबांनी केला, मग माझ्या वडिलांनी, तात्यांनी, आणि मग मी. इतर घरांत पोराच्या हातात कासरा देतात. आमच्या घरात गाडीची मूठ द्यायचे.

गाडी गोठ्यातच उभी असे, म्हशीच्या शेजारी. तिचे दोन नियम होते. दोन्ही आबांचे.

पहिला नियम: गाडीवर घर चालतं, म्हणजे ती लक्ष्मी. तिला लाथ मारल्याशिवाय ती चालू होत नाही, याला काही इलाज नाही. पण लक्ष्मीला चामड्यानं लाथ मारायची नाही. वहाणा काढायच्या, टाकीला हात लावून पाया पडायचं, आणि मग अनवाणी पायानं लाथ.

दुसरा नियम: गाडीचं लागलं तर गाडीचंच वंगण लावायचं. पाणी लावायचं नाही, पाण्यानं जखम चिघळते. गोठ्याच्या भिंतीला एक डबा टांगलेला होता. त्यात इंजिनातून काढलेलं जुनं काळं तेल. ते चिंधीनं जखमेत भरायचं आणि वरून गच्च बांधायचं. धरणावरचे मिस्त्री तसंच करायचे म्हणे. आबा सांगायचे, "लोखंडानं मारलं, तर लोखंडाचं रगतच बरं करनार."

आई मी पाळण्यात असतानाच गेली. तात्या गेले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. गाडीच्या किकचं रबर कधीचंच झडून गेलं होतं, नुसती लोखंडी दांडी राहिली होती. ती त्यांच्या तळपायात घुसली. चवलीच्या नाण्याएवढी जखम. आबांनी वंगण भरलं, बांधलं. तात्या आठ दिवस नेहमीसारखे वेल्ह्याला जाऊन-येऊन होते. नवव्या दिवशी भाकरी चावता चावता म्हणाले, "जबडा धरलाय जरा." मग दातखीळ बसली, अंग कमानीसारखं वाकायला लागलं, आणि चौथ्या दिवशी सगळं संपलं. गावानं सांगितलं, वेल्ह्याच्या रानात वारं लागलं. आम्हीही तेच धरून बसलो.

महिनाभर गाडी गोठ्यात तशीच उभी होती. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली.

"सगुणे, गाडी शिकतीस का?"

"लोक काय म्हणतील, आबा?"

"लोकांस्नी समदा धूरच दिसतोय. तू गाडीचा कान बघ, मूठ बघ. लोकांकडं नगं बघूस."

असं मी शिकले. पहिल्या दिवशी उकिरड्यात घातली, दुसऱ्या दिवशी पाटलांच्या कुंपणात. तिसऱ्या दिवशी धरणाच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आले, आणि आबांनी माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. पुढं दोन स्थळं गाडी बघून परत गेली. तिसऱ्यानं गाडी विकायची अट घातली, त्याला आबांनीच वाटेला लावलं. मी रडले नाही, उगाच कशाला खोटं लिहू! त्या तिसऱ्याला तर धड शिट्टीही वाजवता येत नव्हती.

आता लागलं कसं, ते.

चूक माझी होती. गाडीची नाही, रस्त्याची नाही. मुठीजवळ एक छोटी दांडी असते. इंजिनात ठिणगी लवकर पडावी की उशिरा, हे तिनं ठरतं. आमच्या घरात तिला कान म्हणतात. लाथ मारायच्या आधी कान मागं घ्यायचा. नाही घेतला, तर इंजिन उलटं फिरतं आणि किक जोरात वर येते. हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

दसऱ्याचा दुसरा दिवस होता. नसरापूरला तूप उतरवलं. गाडीला अजून झेंडूची माळ होती. लढाईमुळे पेट्रोल परमिटावर मिळायचं, त्यासाठी दोन तास ताटकळले होते, डोकं आधीच तापलेलं. तेवढ्यात दुकानाच्या पायरीवरचा एक गृहस्थ सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "बाप खाल्ला त्या गाडीनं, तरी पोरगी नाचवतीच आहे."

मी त्याला म्हटलं, "तुमच्या बापाला नाही ना खाल्लं? मग गप बसा."

आणि त्याच तिरमिरीत वहाण काढली, पाया पडले, आणि लाथ मारली. कान मागं घ्यायचा राहिला. किक उलटी आली. त्या उघड्या दांडीला आम्ही सुंभ गुंडाळत असू, तेही त्या दिवशी झिजून गेलं होतं. दांडी थेट माझ्या उजव्या नडगीत, हाडापर्यंत.

त्या माणसासमोर मी 'आई गं' म्हटलं नाही. पदराचा काठ फाडून बांधला, कान मागं घेतला, त्याच पायानं दुसरी लाथ मारली आणि घरी आले. शहाणपणा होता का? मुळीच नव्हता. पण पुन्हा तशीच वेळ आली तर तेच करीन.

घरी आबांनी चाचपून जखम बघितली, डबा काढला आणि वंगण भरलं.

दिवाळीपर्यंत जखम वरून मिटली. आबा खूश. येईल-जाईल त्याला माझा पाय दाखवायचे. मीही मिरवत होते. ठणका मात्र गेला नव्हता, संध्याकाळी जरा जास्तच. मी कुणाला बोलले नाही.

मार्गशीर्षात थंडी वाजून ताप भरायला लागला. नडगी सुजून लाल झाली. एका सकाळी मिटलेल्या जागीच एक बारीक भोक पडलं आणि त्यातून पू वाहू लागला. आबांनी पुन्हा वंगण भरलं, पण पू वंगणाला दाद देईना. वैद्यांनी पोटीस बांधलं. पंधरा दिवस गेले. शेवटी भोरच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी भोकात सळई घातली, ती हाडाला टक्‌ लागली, आणि त्यांनी मान हलवली. "इथं थांबू नका. पुण्याला जा, आजच."

ज्यांना असं भोक पडलंय त्यांना सांगते: ते मलमानं बुजवू नका. आतला पू वाट काढतोय, त्याची वाट बुजवून काय मिळणार?

लढाईच्या दिवसांत सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. चढ आला की उतारू उतरून ढकलायचे. मला एकटीला आत ठेवून सगळे उतरायचे, आणि आबा मोतीबिंदूचे डोळे घेऊन ढकलणाऱ्यांत सगळ्यांत पुढं. मी आतून ओरडत होते, "आबा, तुम्ही नका!" ऐकतात थोडेच. पुण्याला पोचायला दिवस गेला.

आता परत त्या फिल्मपाशी येते.

कागदावर मोटारसायकल लिहून झाल्यावर मोठ्या डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि बसले. जखम झाल्यावर काय लावलं, विचारलं. मी सांगितलं, गाडीचं वंगण.

"धुतली होती?"

"नाही. पाण्यानं चिघळते."

"गाडी कुठं असते?"

"गोठ्यात."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, हसतील. म्हणून जरा ठसक्यातच म्हटलं, "आमच्या घरात असंच करतात. माझ्या वडिलांना तळपायाला लागलं होतं, त्यांनाही हेच लावलं."

"मग?"

"जखमेचं काही झालं नाही. त्यांना वारं लागलं. दातखीळ बसली आणि गेले."

"जखमेनंतर किती दिवसांनी?"

"नवव्या दिवशी जबडा धरला."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "त्याला टिटॅनस म्हणतात," ते म्हणाले. "धनुर्वात. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात. खोल जखमेत गेले आणि वरून हवा बंद झाली की वाढतात. नुसत्या तेलानं तो होत नाही. पण न धुता तेल भरून बांधलं, म्हणजे घाण आत कोंडली."

मी त्यांना वाट्टेल ते बोलले. ते सगळं इथं लिहीत नाही. ज्या माणसानं मला खांद्यावर बसवून वाढवलं, त्याच्या हातानं माझा बाप गेला, असं हा चष्मेवाला मला ऐकवतोय! ते उठून गेले नाहीत, एवढं खरं. माझा आवाज बसल्यावर म्हणाले, "मी कुणाला दोष देत नाही, बाई. त्यांना ठाऊक नव्हतं."

मी तोंडावर चादर घेतली. सारोळ्याच्या मावशींनी हाक मारली, त्यांनाही ओ दिली नाही. आत पडल्या पडल्या एक ठरवलं. हे आबांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. पंचाहत्तरीच्या माणसाला हे कळलं तर तो उभ्यानं खचेल. पाय राहो की जावो, हे माझ्यापाशीच राहील.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर फेरीला आले तेव्हा मी सौदा मांडला. "पाय काढायचा नाही. हाड खरवडा, मेलेला तुकडा काढा. तरी ताप राहिला तर मग कापा, मी हूं की चूं करणार नाही."

"पाय जपायच्या नादात जीव जाईल."

"जीव माझाच आहे. आणि मेले तर तुमच्या नावानं बोटं मोडायला मी राहणार नाही."

सिस्टरला हसू आवरेना. डॉक्टरांनी फिल्म परत पाहिली. सांधा चांगला आहे म्हणाले. "सात दिवस," ते म्हणाले. "ऑपरेशननंतर सात दिवसांत ताप उतरला नाही, तर मी तुम्हाला विचारणार नाही."

घरच्या माणसाच्या संमतीशिवाय ते चाकूला हात लावेनात. आबांना बोलावलं. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना चार ते सहा एवढीच मुभा, म्हणून ते दिवसभर बाहेर पायरीवर कांबळं पसरून बसलेले असायचे. डॉक्टर त्यांच्याशी व्हरांड्यात बराच वेळ बोलले. मग आबा आत आले. अंगठ्याला शाई होती. मी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" आबा म्हणाले, "काय न्हाई. सही मागत हुते." आणि शाई पुसत राहिले.

क्लोरोफॉर्म म्हणजे नाकावर फडकं धरून आकडे मोजायला लावतात. मी अकरापर्यंत मोजले. जागी झाले तेव्हा पाय गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये होता. पहिलं काय केलं, तर चादर उचलून पावलाची बोटं मोजली. पाच होती.

डॉक्टरांनी वाटीतून तो मेलेला तुकडा दाखवायला आणला. करंगळीएवढा, पांढराफटक, कडेनं कुरतडल्यासारखा. तीन महिने हे माझ्या पायात बसलं होतं. मी म्हटलं, टाका बाहेर, दृष्ट लागायची.

मग त्यांनी सांगितलं, हाडातला पोकळ भाग स्वच्छ खरवडून त्यात व्हॅसलीनची पट्टी भरलीय आणि वरून प्लास्टर घातलंय. सहा आठवडे उघडायचं नाही. मी उसळून म्हटलं, "म्हणजे वंगणच की! आम्ही भरलं ते पाप आणि तुम्ही भरलं ते औषध?"

"फरक एवढाच, आम्ही आधी हाडापर्यंत साफ केलं," ते म्हणाले.

मला तेवढ्यानं धीर आला. चार वाजता आबा आले तेव्हा मी मुद्दाम हसून सांगितलं, "आबा, बघा, डॉक्टरांनीपण वंगणच भरलंय. तुमचंच बरोबर होतं." मला वाटलं, मांडीवर थाप मारतील. आबा खिडकीकडे बघत बसले. मग भाकरीचं गाठोडं सोडायला लागले.

सात दिवस मोजायला लागले.

पहिले दोन दिवस ताप एकशे तीन. सल्फाच्या गोळ्या देत होते. पू करणाऱ्या जंतूंवरचं ते तेव्हाचं सगळ्यांत मोठं औषध. त्यानं तोंड कडू होतं, मळमळतं, आणि घागरभर पाणी प्यावं लागतं. ज्यांना देतील त्यांनी पाणी प्यावं, कंटाळा करू नये.

तिसऱ्या दिवशीही तेवढाच. चौथ्या दिवशी प्लास्टरला वास यायला लागला. घाण वास, मेलेल्या उंदरासारखा. येणारी-जाणारी नाक धरायची. डॉक्टर म्हणाले, येऊ दे वास, वासानं कुणी मरत नाही. मावशींनी मात्र कॉट हलवू दिली नाही. सिस्टरला म्हणाल्या, "आमी गोठ्यातलीच मानसं हाओत. वासाचं काय कवतिक!"

पाचव्या दिवशी एकशे दोन. सहाव्या दिवशी परत एकशे तीन. त्या दिवशी मी हरले. लिहायला लाज कशाची? मी चादरीत तोंड घालून रडले आणि गाडीला, त्या पायरीवरच्या गृहस्थाला, तात्यांना, सगळ्यांना शिव्या घातल्या. आबांना घालता आल्या नाहीत. ते बाहेर उन्हात बसले होते.

सातव्या दिवशी सकाळी एकशे दोन. डॉक्टर कॉटशी उभे राहिले. मी हात जोडले नाहीत, नुसती त्यांच्याकडे बघत राहिले. ते म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत." आणि पुढच्या कॉटकडे गेले. शब्द मोडून त्यांनी मला तो एक दिवस दिला. त्यांचे उपकार मी जन्मभर विसरायची नाही, आणि त्यांना मी जे जे बोलले त्याबद्दल इथं पदर पसरते.

आठव्या दिवशी नव्व्याण्णव. सिस्टरनं थर्मामीटर झटकून पुन्हा लावला. परत नव्व्याण्णव. मावशींनी भाजलेल्या हातानं टाळ्या पिटल्या आणि मग स्वतःच विव्हळल्या.

त्यानंतर दोन प्लास्टरं झाली, तीन महिने गेले. मधे आबा दोन-तीनदा गावी जाऊन आले, म्हशीला बघून येतो म्हणून. पाय राहिला, पण घोटा धरला तो धरलाच. जायच्या दिवशी डॉक्टरांनी बजावलं, "उजव्या पायानं गाडीला लाथ मारायची नाही. जन्मात नाही. हाड आतून पोकळ आहे."

"उजव्या पायानं ना?" मी विचारलं.

"उजव्या पायानं."

"सिस्टर, तुम्ही ऐकलंत," मी म्हटलं. डाव्याचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं.

घरी आलो ते चैत्रात. रस्ताभर माझा बेत पक्का झाला होता. आबांना काही सांगायचं नाही, पण गोठ्यातला तो डबा आपण होऊन हलवायचा. गावात पोरं-बाळं आहेत, लागलं की आबांकडेच येतात. सांगायचं तर कारण द्यावं लागेल, आणि कारण म्हणजे तात्या. या एका गोष्टीपुढं माझी सगळी ऐट संपत होती. त्या गृहस्थाला गप केलं, डॉक्टरांशी भांडले, पण आबांसमोर जीभ उचलायची कशी?

सकाळी काठी टेकत गोठ्यात गेले. डबा नव्हता. खिळा होता, डबा नव्हता. त्या जागी फळी ठोकली होती. तिच्यावर उकळलेल्या पाण्याची, झाकण घातलेली किटली, धुतलेल्या फडक्यांची घडी आणि साबणाची वडी. म्हैस परड्यात बांधलेली. गोठा सारवलेला. गाडीच्या किकला नवं रबर.

आबा गाडीशेजारी पाटावर बसले होते. मांडीवर नवेकोरे चामडी जोडे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे.

"आबा, हे काय?"

"भोरच्या चांभाराकडनं करून घ्येतलं. म्होरं ये, पाय दे."

"गाडीला चामडं लावायचं नाही. तुमचाच नियम."

"म्याच क्येला हुता. आता म्याच मोडतो. पाय दे म्हनतो न्हवं!"

ते खाली वाकले. चाचपत चाचपत माझ्या डाव्या पायात जोडा घालायला लागले. मी म्हटलं, "आबा, तुम्ही माझ्या पायाला हात लावू नका." त्यांनी ऐकलं नाही. बंद बांधता बांधता, मान खालीच ठेवून म्हणाले, "त्या डाक्टरनं अंगठा घ्यायच्या आधी समदं सांगितलं हुतं मला. तू हसून म्हनलीस, तुमचंच बरोबर हुतं. तवा वाटलं, पोरीला ठावं न्हाई, ऱ्हाऊ दे."

तीन महिने तो माणूस उन्हात पायरीवर ते घेऊन बसला होता. मी आत माझं घेऊन पडले होते.

"मला ठाऊक होतं, आबा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. बंदाची गाठ मारली, परत सोडली, परत मारली.

"तुज्या बापाला धुवाय पायजे हुतं," ते म्हणाले. "साबन घरातच हुता."

मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. नातीनं आजोबांच्या डोक्यावर हात ठेवू नये म्हणतात. मी ठेवला. तुम्हाला ठाऊक नव्हतं, एवढंच म्हणाले, डॉक्टरांनी मला म्हटलं होतं तसंच. मग आम्ही दोघं खूप रडलो. तात्या गेले तेव्हाही आबा रडले नव्हते.

रडून झाल्यावर त्यांनी पटक्याच्या शेवानं डोळे पुसले आणि आवाज चढवला. "बसून काय ऱ्हायलीस? मार लाथ. कान मागं घ्येतलास का?"

साइडकारमुळे आमची गाडी धरावी लागत नाही, उभीच असते. मी तिच्या उजव्या अंगाला उभी राहिले, काठी भिंतीला लावली, टाकीला हात लावून पाया पडले. कान मागं घेतला. आबांनी हातानं चाचपून खात्री केली. मग डावा पाय उचलला, जोड्यासकट.

तीन लाथा फुकट गेल्या. चार महिने उभी होती, रुसणारच. चौथ्या लाथेला पेटली. सगळा गोठा धुरानं भरला, आणि आबा खोकत खोकत पेटीत चढून बसायला लागले.

"कुठं निघालात?" मी ओरडले.

"नसरापूरला," ते म्हणाले. "त्या पायरीवरच्याला तुजं जोडं दाखवू. आन् किटली घे संगं."